तलाव खोल झाला, ताटाचे काय?

एप्रिल-मे महिन्यांत पूर्व विदर्भातील तलाव आटू लागतात आणि गाळ काढणारी यंत्रे कामाला लागतात. किती घनमीटर गाळ निघाला, साठवण किती वाढली, याचे आकडे जाहीर होतात. त्याच दिवसांत भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर समाजाची माणसे, त्यात बायकाही, कोरड्या पडलेल्या तळात उतरतात. बेशरमची झुडपे मुळासकट उपटतात, तळाचा काही भाग नांगरून ठेवतात आणि पाऊस पडून पाणी आले की तेथे पाणवनस्पती लावतात. हे बहुतांशी श्रमदान असते. त्याची बातमी क्वचितच होते. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर मात्र गाळाच्या आकड्यांपेक्षा या कामाकडे लक्ष द्यायला हवे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१च्या सुमारास मालगुजारी संपली आणि ते ‘माजी मालगुजारी’, बोलीत ‘मामा तलाव’ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर भरते. मालकी सरकारकडे गेली, पण देखभालीची जुनी रीत तिच्यासोबत गेली नाही. पाळीला भगदाडे पडली, तळात बेशरम माजली. धानाच्या बांध्यांतून वाहून येणारा युरिया पाण्यात उतरू लागला. मत्स्यव्यवसायासाठी रोहू, कटला यांच्यासोबत गवत्या मासा, सायप्रिनस असे बाहेरचे मासेही सोडले गेले. गवत्या मासा नावाप्रमाणे पाण्यातले गवतच खातो. सायप्रिनस तळ उकरतो, त्याने पाणी गढूळ राहते.

येथे तलावाची अडचण नीट समजून घ्यावी लागते. उथळ तलाव दोन अवस्थांत स्थिर राहू शकतो. तळाशी वनस्पती असतील तर त्या गाळ धरून ठेवतात, पाण्यातील नत्र-स्फुरद वापरतात आणि पाणी निवळ राहते. त्या नाहीशा झाल्या की शेवाळ वाढते, पाणी हिरवट-गढूळ होते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि वनस्पती पुन्हा उगवू शकत नाहीत. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही मांडणी केली. म्हणून नुसती बेशरम काढून भागत नाही, आणि यंत्राने तळ सरसकट खरवडला तर वनस्पतींचे कंद आणि बियाही ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. तलाव खोल होतो, पण त्यातले जंगल जाते. जंगल हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. झाडे तोडलेल्या डोंगरावर देशी रोपे लावणे आणि तलावाच्या तळात देशी वनस्पती लावणे, यामागचा विचार एकच आहे.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी १९९०च्या दशकापासून ढिवरांकडील माहितीच्या आधारे हाच विचार मांडला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठल्या पानाखाली पिल्ले लपतात, हे ज्ञान कोळ्यांकडे होतेच. ते नोंदले गेले. मग पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला, सिराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया, पाने तरंगत ठेवणारी कुमुदिनी आणि काठाच्या चिखलात वाढणारी एलिओकॅरिस अशी निवड करून लागवड झाली. गोंदियातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात (१९९९पर्यंत तो भंडारा जिल्ह्यातच होता) मच्छीमार सहकारी संस्थांनी हे काम उचलले. जेथे ते टिकले तेथे स्थानिक मासे परतल्याचा त्यांचा अनुभव आहे.

स्थानिक मासा आणि सोडलेला मासा यांतला फरक ताटात दिसतो. रोहू-कटल्याचे तुकडे करून काटे बाजूला टाकतात. मोठा मासा बहुधा बाजारात विकला जातो. तलावातले बारीक मासे घरी शिजतात आणि डोक्या-काट्यांसकट खाल्ले जातात. कॅल्शियम हाडांत असते. काही बारीक जातींत ‘अ’ जीवनसत्त्व मुख्यतः डोळे आणि आतडी-यकृताच्या भागात साठलेले असते. बांगलादेशात मोला या लहान माशावर झालेल्या अभ्यासांनी हे दाखवून दिले. शिवाय माशातील लोह शरीर सहज शोषते आणि जेवणातील धान्य-भाजीचे लोह शोषायलाही तो मदत करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. भाताचा जिल्हा असला की पोट भरते. रक्त भरेलच असे नाही. लोहाच्या गोळ्या द्याव्याच लागतील. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, त्यामुळे प्रत्येक फिकट मुलाचा उपाय मासा नव्हे, तपासणी आधी हवी.

डासांबाबतही थोडे सावध राहायला हवे. तलाव साफ झाला की हत्तीरोग जाईल, असे सांगणे सोपे आहे आणि चूक आहे. केरळातील चेर्तला भागात १९८०च्या दशकात लोकांनी तळ्यांतून पिस्टिया काढून मासेपालन केले आणि तेथील हत्तीरोगाच्या डासांना आळा बसला. कारण त्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या पिस्टियाच्या मुळांना चिकटूनच श्वास घेतात. भंडाऱ्यातील हत्तीरोग क्युलेक्स डास पसरवतो आणि तो तुंबलेल्या गटारात, शौचालयाच्या टाक्यांत वाढतो. २०२७पर्यंत हत्तीरोग हटवण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी वाटपाच्या गोळ्या घरी ठेवून न देता समोरच गिळणे आणि गटारे वाहती ठेवणे हाच मार्ग. निवळ तलावातले मासे अळ्या खातात, तेवढा हातभार लागतो, एवढेच म्हणता येते.

भंडारा शहराचे दुखणे आणखी वेगळे. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या फुगवट्यात ते पाणी संथ होते, जलपर्णी पसरते. तेथे श्रमदानाने जलपर्णी काढली तरी नागपूरच्या सांडपाण्याची प्रक्रिया होईपर्यंत ती परत येणार. स्वयंसेवकांच्या कामाला मर्यादा कुठे आहेत, हे स्पष्ट बोललेले बरे; नाहीतर अपयशाचे खापर त्यांच्यावर फुटते.

श्रमदान करणाऱ्यांचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. बेशरम तुकड्यांतूनही पुन्हा फुटते, म्हणून काढलेली झुडपे चिखलात न टाकता बाहेर वाळवावी लागतात; काम एका उन्हाळ्यात संपत नाही. झुडपांत साप असतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका राहतो. हातमोजे आणि गमबूट ही चैन नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारावे.

खोलीकरणाच्या कामात तळाचा काही भाग मुद्दाम न खरवडता सोडला तर बियांचा साठा वाचतो. यासाठी खर्च वाढत नाही, यंत्रचालकाला आधी हद्द दाखवून द्यावी लागते. मासेमारीचा ठेका देताना गवत्या मासा सोडायचा की नाही, हेही ठरवता येते. ज्या संस्थेने तीन-चार वर्षे खपून तळ उभा केला तिचा ठेका मुदत संपताच जास्त बोली लावणाऱ्याकडे गेला तर पुढच्या मे महिन्यात चिखलात उतरायला कोण येणार? अंगणवाडीत मुलांचे वजन दर महिन्याला नोंदले जातेच. त्याच नोंदवहीत गेल्या आठवड्यात घरात मासा शिजला का, आणि तो तलावातला होता की बाजारातला, हा एक रकाना वाढवला, तर काही वर्षांत गाळाच्या घनमीटरशेजारी ठेवायला दुसरा आकडा हाती येईल.