मोबाईलवरचा मौलाना आणि गजापूरची वाडी

मलकापूरहून विशाळगडाकडे निघाले की गडाच्या अलीकडे गजापूर लागते. १४ जुलै २०२४ रोजी ‘गडावरील अतिक्रमणे हटवा’ अशा घोषणा देत आलेल्या जमावाने या गजापूरच्या मुसलमानवाडीत मशिदीची मोडतोड केली, घरे फोडली, गाड्यांचा चुराडा केला. वाडी गडावर नव्हती, तरीही मार तिनेच खाल्ला. त्याआधी ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहर पेटले, ते काही पोरांनी ठेवलेल्या मोबाईल स्टेटसवरून. सरकारला इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या करवीरनगरीत हे घडले, याची लाज कोल्हापूरकरांना वाटलीच पाहिजे.

या दोन्ही घटनांवर भरपूर लिहून आले. हिंदुत्ववाद्यांच्या मोबाईलवर काय फिरते, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. पण शाहूवाडी तालुक्यातील मुसलमान पोराच्या कानात त्याच मोबाईलमधून कोण बोलतो आहे, हे कोणी विचारले नाही. आम्ही ते विचारणार आहोत. गजापूरच्या बाजूने उभे राहणे म्हणजे प्रत्येक धर्मोपदेशकाची पालखी वाहणे नव्हे.

डॉ. झाकीर नाईक यांनी १९९१ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढले. २००६ मध्ये त्यांची पीस टीव्ही वाहिनी सुरू झाली. सुटाबुटातला डॉक्टर, फाडफाड इंग्रजी, कुराणातल्या आयती आणि गीतेतले श्लोक क्रमांकासकट तोंडपाठ! जुन्या मौलानांच्या बयानापुढे शिकलेल्या पोरांना हे भारी वाटले. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली, ते मलेशियात जाऊन राहिले. पण भाषणांचे तुकडे मोबाईलवर फिरायचे थांबले नाहीत. त्यांच्या पाठोपाठ असे कितीतरी मौलाना दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांतून घराघरात शिरले.

हे मौलाना सांगतात, दर्ग्यात जाऊन मागणे मागणे म्हणजे शिर्क, अल्लाशी केलेली भागीदारी. विशाळगडावरील हजरत मलिक रेहान बाबांच्या दर्ग्यात मुसलमान जातात आणि हिंदूही जातात. नवस बोलणारी म्हातारी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आली. तिचा नातू आता मोबाईल दाखवून तिला गुन्हेगार ठरवतो. आणि गावातल्याच दुसऱ्या मोबाईलवर तोच दर्गा अतिक्रमण ठरलेला असतो. दोन टोकांचे हे लोक एकमेकांचे हाडवैरी, पण म्हातारीची वाट अडवण्यावर दोघांचे एकमत!

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे वाक्य या बयानांत हमखास येते. धर्मग्रंथात नसेल, मोहल्ल्यात आहे. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार देऊन अश्रफ, अजलफ, अरजल हे थर उघडे करून दाखवले होते. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ बांधली, अभिनेते दिलीपकुमार तिच्या सभांना गेले. पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन यांच्या दाखल्यांचा आणि सवलतींचा तो लढा होता. मोबाईलवरच्या किती मौलानांनी या लढ्यावर एक मिनिट खर्च केला? स्वर्गाची सविस्तर माहिती आणि जातीच्या दाखल्याबद्दल अवाक्षर नाही. (आमच्याकडेही सकाळी सात वाजता बुद्धाचे चित्र आणि ‘नमो बुद्धाय’ पाठवून धम्मकार्य आटोपणारे कमी नाहीत, हे जाता जाता सांगून टाकतो.)

तिसरा प्रश्न भाषेचा. शाहूवाडीचा मुसलमान बाजारात, शाळेत, तहसील कचेरीत मराठी बोलतो. धर्म मात्र त्याच्याकडे उर्दूतून आणि इंग्रजीतून येतो, तोही मुंबईपलीकडून, कधी देशापलीकडून. शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, महाराज स्वतः त्याचे अध्यक्ष झाले. कुराण मराठीत यावे म्हणून त्यांनी पदरचा पैसा दिला. पुढे जमाते-इस्लामीच्या मंडळींनी मराठीत पुष्कळ साहित्य छापले, हे मतभेद ठेवूनही मान्य केले पाहिजे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून मराठीतूनच प्रश्न विचारले. नावात जोतीरावांचा सत्यशोधक होता, तो उगाच नव्हे. पण ती परंपरा मोबाईलवर कुठे आहे?

२०२५ मध्ये मुंबईत भोंगे उतरले, तेव्हा माहीमच्या जुमा मशिदीने ॲपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. म्हणजे गावातली मशीद गावातल्या माणसाशी मोबाईलवरून बोलू शकते. मग मलकापुरातल्या जुम्म्याचे बयान मराठीत का असू नये? ते मोबाईलवर का जाऊ नये? हिंदू शेजाऱ्यालाही ते ऐकता येईल, कळेल. त्यात नमाजाबरोबर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सांगावी, ओबीसी दाखल्याला कोणते कागद लागतात ते सांगावे. पहिल्या बयानाला विषय हवा असेल, तर गजापूरच्या वाडीत कोणाची किती भरपाई मिळाली आणि किती गुन्हेगारांना शिक्षा झाली, येथूनच सुरुवात करावी.