सेटवरचं गाणं आणि 'प्रोफेशनल' सॉफ्टवेअर

"प्रो टूल्सच हवं, बाकी सगळी खेळणी!" गाण्याच्या शूटिंगला लॅपटॉप घेऊन बसलं की हे वाक्य कानावर पडतंच. का, विचारा. उत्तर ठरलेलं: स्टुडिओत तेच वापरतात. (आम्हा आयटीवाल्यांचाही हाच रोग. गूगल वापरतं म्हणून आपणही, मग युजर तीनच का असेनात.) अहो, स्टुडिओत गाणं घडवतात. सेटवर ते फक्त वाजवायचं असतं, पण ५० वेळा, आणि दरवेळी नेमक्या त्याच ओळीवरून!

डायरेक्टर "दुसरा अंतरा" म्हणाला की दोन सेकंदांत गाणं सुरू व्हायला हवं. ऊन उतरत असतं, युनिट ताटकळत असतं... मी रीपरमध्ये ओळीओळीवर मार्कर टाकतो. आकडा दाबला की थेट तिथे. स्लो मोशन हवंय? कॅमेरा ४८ फ्रेम्सवर म्हणजे गाणं दुप्पट वेगाने, तरच २४ वर ओठ जुळतात. प्लेरेट २ केला, झालं काम. ६० दिवस वापरून बघा, मग साधं लायसन्स ६० डॉलरला. ऑडॅसिटी फुकट आहे, मला आवडतंही, पण ते फाइल कापाजोडायला.

असो. नावावरून भांडणारे हेच लोक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जुना रफ मिक्स बिनधास्त वाजवतात. फायनल गाण्यात दोन मात्रा वाढलेल्या असतात, आणि एडिटर महिनाभर ओठ जुळवत बसतो. त्यापेक्षा शूटच्या आदल्या दिवशी संगीतकाराला फोन करा आणि लॉक झालेल्या गाण्याची ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागून घ्या.