मामेभाऊ रांगेत शेवटी का?

वंशावळ लिहून आणा म्हटलं, की हल्ली शहरातली मुलं कागदावर ‘अंकल’ लिहून आणतात. मी विचारते, काका की मामा? ‘काय फरक पडतो, मॅडम?’ फरक सगळ्या जमिनीचा पडू शकतो, हे तालुका कोर्टात वारसाची प्रकरणं चालवणाऱ्या माझ्यासारखीला समजावून सांगावं लागतं.

खरं तर ‘अंकल’ मूळचा मामाच. लॅटिनमध्ये आईच्या भावाला ‘अवुंकुलुस’ म्हणत. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि काकांनाही लागू झाला. वडिलांचा भाऊ ‘पात्रुउस’, मावशी ‘मातेर्तेरा’, आणि आत्या ‘अमिता’ (आपल्याकडच्या अमितांनी दचकू नये). ‘आंट’ त्या अमितापासून आली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा जहाजं घेऊन तिकडे गेलेला आणि परत न आलेला थोरला प्लिनी इंग्रजी पुस्तकांत धाकट्या प्लिनीचा नुसता ‘अंकल’ असतो. भाच्याच्या लॅटिन पत्रात तो स्वच्छ मामा आहे. या मामाने मृत्युपत्र करून भाच्याला दत्तक घेतलं होतं. शहाणा माणूस! मृत्युपत्र नसतं आणि मामाचा एखादा भाऊबंद उभा राहिला असता, तर बहिणीच्या मुलाला मागे सरावं लागलं असतं.

कारण रोमन कायद्यात नातलगांचे दोन वर्ग होते. ‘ग्नातुस’ म्हणजे जन्मलेला. आपल्या ‘जन्म’ आणि ‘जात’शी त्याचं मूळ एकच. त्यावरून ‘अग्नातुस’, म्हणजे फक्त पुरुषांच्या साखळीने जोडलेला, आणि ‘कोग्नातुस’, म्हणजे जन्माने कसाही जोडलेला. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, घरातला वारस नसेल तर मालमत्ता जवळच्या अग्नातुसाकडे जाई. सख्खी आई आणि तिचं मूलही सहसा एकमेकांचे वारस नसत.

हेच दोन शब्द ‘अॅग्नेट’ आणि ‘कॉग्नेट’ होऊन आपल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसले आहेत. दोष सगळा रोमचा नाही. मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथातही गोत्रज, म्हणजे पुरुषांच्या साखळीतले, आधी आणि बंधू, म्हणजे बाईमार्फत जोडलेले, मागून. लॅटिन नावं मिळाल्यावर त्याच जुन्या रांगेला आधुनिक शास्त्राचा डौल आला, इतकंच.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते; ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एक अविवाहित शिक्षक. आईवडील लवकर गेले, भावंडं नाहीत. वाढले आजोळी, निवृत्तीनंतर राहिले मामेभावाकडे, आणि शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या पायऱ्या त्यानेच झिजवल्या. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तेराव्यानंतर मुंबईहून एक गृहस्थ आले. पणजोबा एक, एवढाच संबंध. शिक्षकांना त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं हे त्यांनाही आठवेना. सातबाऱ्यावर नाव त्यांचं लागलं. मामेभाऊ माझ्यासमोर बसून होता आणि मला त्याला कलम ८ वाचून दाखवावं लागलं: आधी पहिल्या वर्गाचे वारस, मग दुसऱ्या वर्गाचे, मग अॅग्नेट, आणि अॅग्नेट कोणीच नसेल तर कॉग्नेट. मामा जिवंत असता तर तो दुसऱ्या वर्गात, म्हणजे पुढे होता. तो गेला, आणि त्याचा मुलगा थेट रांगेच्या शेवटी फेकला गेला. मावसभाऊ आणि आतेभाऊही तिथेच उभे.

जमीन भावकीत राहावी, हे यामागचं एकमेव समर्थन मी ऐकत आले आहे. पण महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. मुलीबरोबर जमीन भावकीबाहेर जाणार हे एकदा मान्य केल्यावर, दूरच्या चुलत्याच्या पणतवाला मामेभावापुढे उभं करण्यात काय राहिलं? रोमनांना तर हे कधीच उमगलं होतं. १७८ मध्ये आईची मालमत्ता मुलांना मिळू लागली, आणि ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने अग्नातुस-कोग्नातुस हा भेदच काढून टाकला. त्यांनी टाकलेलं आम्ही चौदाशे वर्षांनी कायद्यात लिहून घेतलं.

लांब कशाला जायचं? आपल्याच देशात ख्रिस्ती माणसाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम २७ सरळ सांगतं, की बापाकडून नातं असो वा आईकडून, वारसासाठी फरक करायचा नाही. हिंदू कायद्यात तेच करायला फार खटपट नाही. अॅग्नेट आणि कॉग्नेट एका पायरीवर आणायचे आणि जवळीक पिढ्यांवरून ठरवायची. पिढ्या मोजायची रीत कलम १३ मध्ये आहेच. (बाईच्या मालमत्तेचं कलम १५, जिथे तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याचे वारस येतात, तो याहून मोठा अन्याय. त्यावर वेगळं लिहीन.)

तोवर आजोळी वाढलेल्या, मूलबाळ नसलेल्या प्रत्येकाने मृत्युपत्र करावं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला द्यायचं तो स्वतः साक्षीदार असू नये.