इंजिनिअरिंग की आर्ट्स? आपल्या मुलांच्या पदवीचा नवा पेच



गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत यंदा सगळ्यांत जास्त चर्चा कशाची झाली असेल, तर ती यूकॅसच्या अर्जाची! ज्यांची मुलं इयर तेरामध्ये आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्यातल्याच एका घरची गोष्ट. मुलीने ए-लेव्हलला गणित, फिजिक्स आणि इतिहास घेतलाय. तिन्हींत उत्तम. पण पुण्याहून आजोबांचा दर रविवारी फोन येतो, "अगं, इंजिनिअर व्हायचं ना, मग इतिहासाचं लोणचं घालायचंय का?" आणि मुलगी म्हणते, मला दोन्ही हवंय. आई-बाबा मधे!

ही दोन्हीची मागणी हट्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने याच मागणीवर एक पदवी उभी केली. तिथल्या पॉलिटेक्निक विभागाने तंत्रज्ञान आणि मानव्यविद्या एकत्र गुंफून, प्रत्येक विद्यार्थ्याला आपला अभ्यासक्रम आपणच आखू देणारा मार्ग काढला, आणि २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. वर्गात किती तास बसलात यापेक्षा काय करता येतं हे दाखवा, असा त्याचा मूळ हिशोब. केलेलं काम, त्याचा पुरावा आणि सोबत एक मार्गदर्शक. म्हणजे वर्षं मोजण्याऐवजी कौशल्य मोजायचं.

आता क्रॉयडनकरांसाठी थोडी गंमत. असा संगम आपल्या गावात दोनशे वर्षांपूर्वी होता! लोअर अ‍ॅडिस्कोंब रोड आणि अ‍ॅडिस्कोंब रोड यांच्या मधे कॅनिंग, क्लाइड, एल्गिन, हॅवलॉक आणि औट्रम असे पाच रस्ते शेजारीशेजारी आहेत. नावं वाचून आपल्याला इतिहासाचं पुस्तक आठवतं ते उगाच नाही. या जागेवर १८०९ ते १८६१ ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. कोवळ्या वयाच्या मुलांना इथे गणित, तटबंदी, सर्वेक्षण, चित्रकला, रसायनशास्त्र शिकवत, आणि त्याच्याच जोडीला हिंदुस्तानी भाषा. ती शिकवायला जॉन शेक्सपिअर नावाचे प्राध्यापक होते (नाटकवाले नव्हेत!). परीक्षेत वर आलेले इंजिनिअर होत, त्याखालचे तोफखान्यात, बाकीचे पायदळात. गंगा कालव्याचे प्रोबी कॉटली आणि गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन याच शाळेतले.

अर्थात भाषा शिकवली ती हुकूम देता यावेत म्हणून, हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट मला बोचते. गंगा कालवा सुरू झाला १८५४ मध्ये, आणि त्याच साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, जो पुढे सीओईपी झाला. त्याचा हेतू होता बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून देणे. वरच्या साहेबाने तंत्र आणि भाषा दोन्ही शिकायची, खालच्याने फक्त तंत्र! 'इंजिनिअरला इतिहास कशाला' हे आपल्या घरात रुजलेलं वाक्य थोडंफार तिथूनच आलं असावं, असा माझा तर्क आहे. याउलट बॉम्बे इंजिनिअर्समधले जॉर्ज जर्व्हिस बघा. त्यांनी शास्त्रीमंडळींना बरोबर घेऊन गणिताची पुस्तकं मराठीत आणली आणि शिक्षण मराठीतून द्या म्हणून बाजू लढवली.

असो. आजच्या इंग्लंडमध्ये आपल्या मुलीला काय मिळेल? पर्ड्यूसारखी सगळं एका ताटात वाढणारी पदवी मला इथे दिसत नाही. मिळतात ते तुकडे.

विषयांचं स्वातंत्र्य हवं असेल तर सगळ्यांत जुना दरवाजा ओपन युनिव्हर्सिटीचा. १९६९ ची सनद, १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी, आणि तिथली 'ओपन' पदवी म्हणजे आपण निवडलेल्या विषयांची मोळी. यूसीएलने २०१२ मध्ये आर्ट्स अँड सायन्सेस ही पदवी सुरू केली, त्यात परकी भाषाही शिकावी लागते. व्हाइटचॅपलच्या लंडन इंटरडिसिप्लिनरी स्कूलमध्ये २०२१ ला पहिली तुकडी आली. तिथे विषयाऐवजी प्रश्न घेऊन शिकवतात. हेरफर्डला त्याच वर्षी एनएमआयटीई उघडलं, जिथे ए-लेव्हलच्या गणिताशिवायही इंजिनिअरिंगला घेतात. इथल्या पद्धतीत हे शेवटचं वाटतं त्याहून मोठं आहे. कारण खरा फास सोळाव्या वर्षी बसतो. तीन विषय निवडले की बाकीची दारं बंद, आणि ती बंद झाली हे पालकांना दोन वर्षांनी कळतं! दहावी-बारावीच्या हिशोबाने विचार करणाऱ्या आपल्याला तर आणखीनच उशिरा.

आणि 'काय करता येतं ते दाखवा' हा भाग हवा असेल तर डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिप. २०१५ पासून आहे. मुलगा वा मुलगी नोकरीला लागते, पगार घेते, शिकते, आणि फी भरते ती कंपनी व सरकार. ज्ञान, कौशल्य आणि वर्तन अशा तीन रकान्यांत ठरलेलं मानक असतं आणि त्याचे पुरावे जमवत जायचे. पर्ड्यूच्या कल्पनेच्या सगळ्यांत जवळचं हेच. पण इथे मानक ठरलेलं, म्हणजे 'आपला अभ्यासक्रम आपण' हे गेलं, आणि इतिहास-साहित्याला जागा नाही.

पैशाचा हिशोब मांडा, कारण आपल्यात तो मांडल्याशिवाय झोप येत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड झाली. ऑगस्ट २०२३ पासून शिकायला लागलेल्यांचं कर्ज पगार २५,००० पौंडांच्या वर गेला की त्या वरच्या रकमेच्या नऊ टक्क्यांनी फेडायचं, आणि ते चाळीस वर्षं डोक्यावर राहू शकतं. म्हणजे अठराव्या वर्षी सही करणारी मुलगी साठी ओलांडल्यावर मोकळी! अ‍ॅप्रेंटिसशिपला हे ओझं नाही, पण जागा थोड्या आणि निवड करते कंपनी. विद्यापीठांसारखी सगळ्यांची एकच तारीखही नसते, त्यामुळे जाहिरातींवर शरद ऋतूपासूनच नजर ठेवावी लागते. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी तीन वर्षांच्या वास्तव्याची अट आणि आपल्या परवान्याचा प्रकार आधी तपासावा. फीसाठी लागणारे निकष आणि अ‍ॅप्रेंटिसशिपचे निकष एकसारखे नाहीत, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते.

आजोबांना सांगण्यासारखी एक बातमीही आहे. भारतात वारं बदललंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एक वर्षाला प्रमाणपत्र, दोनला पदविका, तीनला पदवी अशी बाहेर पडायची सोय केली, आणि क्रेडिट साठवायची बँक २०२१ मध्ये आली. खुद्द आयआयटी मुंबईत बीटेकला आलेल्या मुलांसाठी लिबरल आर्ट्स, सायन्स आणि इंजिनिअरिंग अशी एकत्रित चार वर्षांची पदवी आहे. आयआयटीचं नाव काढलं की आजोबांचा सूर जरा नरम येतो, हा अनुभवाचा सल्ला!

तरीही डोळे झाकून उडी मारू नये. पुढे चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं असेल तर पदवी मान्यताप्राप्त आहे की नाही, हे इंजिनिअरिंग काउन्सिलच्या यादीत पाहा. मिश्र पदवी असली तर तो मार्ग बंद होत नाही, पण प्रत्येकाची स्वतंत्र छाननी होते आणि वेळ जातो. भारतात परतायचा विचार असेल तर समकक्षतेचा प्रश्न येतो. यूजीसीने त्याचे नवे नियम २०२५ मध्ये काढले आहेत. आणि 'तुझं तू ठरव' म्हणणाऱ्या पदवीत मार्गदर्शक किती वेळ देतो, हे ओपन डेला आवर्जून विचारा. इमारती बघून हुरळून जाऊ नका. शिस्त नसलेल्या मुलाला एवढं स्वातंत्र्य जड जातं.

जाता जाता 'लाइफलाँग लर्निंग एन्टायटलमेंट'बद्दल. जानेवारी २०२७ पासूनच्या अभ्यासक्रमांसाठी आखलेल्या या योजनेत चार वर्षांच्या शिक्षणाइतकं कर्ज माणसाला साठाव्या वर्षापर्यंत तुकड्यातुकड्यांनी वापरता येतं, काही विषयांसाठी तर एकेका मॉड्यूलला. म्हणजे आज इंजिनिअरिंगची अ‍ॅप्रेंटिसशिप घेतलेल्या मुलीला कर्जाची शिल्लक जवळजवळ पूर्ण राहते. मॉड्यूलच्या यादीत सरकारने सुरुवातीला तंत्राच्या विषयांनाच झुकतं माप दिलंय, पण इतिहासाची पूर्ण पदवी तिशीत करायला तिला आडकाठी नाही. ताईंना मी हेच सांगितलं. त्यांनी दोन्ही अर्ज भरायचं ठरवलंय, यूकॅसचा आणि अ‍ॅप्रेंटिसशिपचा. रविवारचा फोन मात्र अजून व्हायचाय.