भुकेची गोष्ट आणि कंसातली मिनिटे

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव होते. परिसंवाद झाले, कविसंमेलने झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच गावच्या सारिका काळे या खो-खोपटूला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. १९९८ च्या शोभा नारायण यांच्यानंतर खो-खोच्या वाट्याला आलेला हा पहिलाच अर्जुन. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो आपणा साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना फारसा भूषणावह नाही, असे आमचे म्हणणे आहे.

पुरस्कार जाहीर झाल्यावर छापून आलेल्या बहुतेक मजकुराचा साचा एकच होता. घरची गरिबी, कित्येक वर्षे दिवसातून एकदाच मिळणारे पोटभर जेवण, शिबिराला गेल्यावर तिथे मिळणाऱ्या बऱ्या अन्नाचे अप्रूप, आणि अखेरीस पुरस्कार. यातले काही खोटे नाही; हे सारे सारिका काळे यांनी स्वतःच सांगितलेले आहे, आणि ज्याने भूक पाहिली त्याने ती सांगू नये असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमची तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. त्यांनी जेवणाविषयी विचारले आणि खेळाविषयी विचारायचे राहून गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ही कर्णधार. ती मैदानात काय करत होती, कशी पळत होती, समोरचा संघ तिला बाद करण्यासाठी कोणते डावपेच लढवीत होता, हे त्या मजकुरातून कळत नाही. उपाशी पोटी वाढलेल्या मुली या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकीनेच भारताच्या संघाचे नेतृत्व केले ते कशाच्या बळावर, हा प्रश्न 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळून ठेवला की लेखकाचे काम संपते.

ही सवय वार्ताहरांनी कुठून उचलली? आमच्या मते, ती आपल्या वर्गांतून गेलेली आहे. गेली चाळीस-पन्नास वर्षे ग्रामीण जीवनाविषयीचे लेखन शिकवताना आपण वेदनेला गुण देत आलो. कसब मात्र तपशिलात ढकलले. पात्र किती सोसते हे विद्यार्थ्याला चटकन सांगता येते. ते पात्र आपले काम कसे करते, मोट कशी हाकते, वाफा कसा बांधते, हे त्याला विचारलेच जात नाही. अशा वाचनावर पोसलेला तरुण उद्या क्रीडापानावर गेला, तर त्याला खेळाडू दिसणार नाही, 'संघर्ष' दिसेल.

आता खेळाकडे येऊ. पारंपरिक खो-खोत संरक्षण करणारे तिघे आत उतरतात. आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध तोंडे करून पाटीवर बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यावर बंधने किती! एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घालेपर्यंत बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून हवे तसे आरपार जाता येते. या विषम बंधनांतून खेळाची सगळी बुद्धिमत्ता उपजते. साखळीत पळायचे की गोलात, हुलकावणी केव्हा द्यायची, खांबाजवळ सूर येणार याचा अंदाज कशावरून घ्यायचा, हे निर्णय पळता पळता घ्यावे लागतात. नऊ मिनिटांच्या डावात एकटीने दोन-तीन मिनिटे तग धरणे ही मोठी कामगिरी मानली जाते. ज्याने एकदा जीव खाऊन तीस सेकंद पळून पाहिले आहे त्याला ती का, हे सांगावे लागणार नाही.

या कामगिरीची नोंद कुठे होते? मराठी दैनिकांच्या खेळाच्या पानावर, तळाशी, एका कंसात. खेळाडूचे नाव, पुढे किती मिनिटे संरक्षण केले आणि किती गडी टिपले. हा कंस म्हणजे मराठी क्रीडालेखनातला सर्वांत काटकसरीचा आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक वाङ्मयप्रकार होय. पण त्या कंसांची बेरीज कुणी केली नाही. पंधरा-पंधरा वर्षे खेळलेल्या मुलींची एकूण मिनिटे किती, एकूण गडी किती, हे वाचकाला एका जागी मिळत नाही. रोजचा अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो आणि कंसही त्याच्याबरोबर जातो.

क्रिकेटची गोष्ट निराळी. भाऊसाहेब निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. पण डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ४४३ धावा आजही कुणीही सांगतो. ब्रॅडमनच्या त्या वेळच्या ४५२ धावांच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला, हेही सांगतो. वरच्या पायरीवर कधी उभा न राहिलेला माणूस एका आकड्याने टिकून राहिला.

उदाहरण दूरचे हवे असेल तर बर्फावरच्या हॉकीचे घ्या. उत्तर अमेरिकेत अमेरिकन हॉकी लीग ही दुय्यम लीग. तिथे विली मार्शल नावाचा खेळाडू १९५० च्या दशकापासून वीस वर्षे खेळला. श्रेष्ठ लीगमध्ये त्याला जेमतेम ३३ सामने मिळाले. पण दुय्यम लीगमधले त्याचे ५२३ गोल आणि ८५२ साहाय्ये, मिळून १,३७५ गुण, नोंदलेले आहेत आणि तो तिथला सार्वकालिक विक्रम आहे. या आकड्यांत आम्हाला मोह पडतो तो ८५२ चा. दुसऱ्याने केलेल्या गोलात ज्याचा हात होता, त्याच्या नावावरही तिथे गुण लिहिला जातो. खो-खोत अंतिम स्पर्श करणाऱ्याच्या नावावर गडी जमा होतो. ज्या दोन-तीन अचूक खोंनी पळणारीला कोंडीत आणले, ते देणाऱ्यांचे नाव कंसात येत नाही. खेळाचे नाव ज्या कृतीवरून पडले, तिचीच नोंद नाही. (आपल्या भाषेनेही या शब्दावर अन्यायच केला आहे. रोजच्या बोलण्यात आपण दुसऱ्याच्या कामात खो घालतो. मैदानावर खो दिला जातो, हा अर्थ त्या वाक्प्रचारात उतरला नाही.)

यावर दोन आक्षेप येतील. आकड्यांनी का कुठे माणूस कळतो, हा पहिला. कळत नाही, मान्य. पण आकडा नसला तर त्या जागी आसवे भरली जातात, असा अनुभव आहे. आणि आसवांवर प्रश्न विचारता येत नाहीत, आकड्यावर येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि देशी खेळांना हक्काची जागा दिली, त्याचे काय? ते ऋण आम्ही नाकारत नाही. उलट, एवढा पाया घातलेला असूनही खो-खोपटूंच्या खेळाचे सांगोपांग वर्णन करणारी पुस्तके आपल्या कपाटांत शोधावी लागतात, याची लाज अधिकच वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची (२०२३ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव हेच) अश्विनी शिंदे होती. सामने दूरचित्रवाणीवर दिसले, गुणफलक झळकले, संरक्षकांच्या दीर्घ पळाला 'ड्रीम रन' असे नाव मिळाले. ज्या खेळाची पहिली नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केली, त्यातल्या सर्वांत देखण्या गोष्टीसाठी मराठीकडे शब्द मागायला कुणी आले नाही. आपणही तो पुढे केला नव्हता. विश्वचषकाच्या आधीच्या दशकांचे काय? सारिका काळेंची पिढी मातीच्या मैदानांवर, कॅमेऱ्याविना खेळली. ती फक्त त्या कंसांत आहे.

गोरोबाकाकांचे नाव संमेलननगरीला दिलेच होते, म्हणून आठवण करून देतो. तेरच्या या कुंभाराने संतांच्या मेळ्यात थापटणे हाती घेतले, एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी कथा आहे. आपण ती वर्गात गुरुमहिमा म्हणून शिकवतो. पण परीक्षा घेण्याचे काम मुक्ताईने गोरोबांकडे सोपवले ते त्यांच्या दुःखाकडे पाहून नव्हे. थापटल्यावर भाजलेले मडके कसे वाजते आणि कच्चे कसे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

जिल्ह्यातील महाविद्यालयांचे मराठी विभाग दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय शोधतात आणि 'अमुक लेखकाच्या कथांतील वेदना' येथे येऊन थांबतात. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी वाचनालयातल्या जुन्या दैनिकांच्या फायली उघडाव्यात, २००६ ते २०२० एवढीच वर्षे घ्यावीत, आणि उस्मानाबादच्या मुलींच्या नावांपुढचे कंस वहीत उतरवून काढावेत. मग त्या वह्या घेऊन खेळाडूंकडे जावे आणि अमुक सामन्यात अडीच मिनिटे कशी काढलीत, कुठे वळलात, कुणी खो दिला, असे विचारावे. जेवणाविषयी त्यांना सांगायचे असेल तर त्या सांगतीलच. फायली मात्र लवकर उघडाव्या लागतील. वाचनालये जागेअभावी जुने गठ्ठे किलोवर काढतात, आणि खेळाचे पान बहुधा शेवटून दुसरे असल्यामुळे आधी तेच फाटते.