घरची होडी

गोदामांच्या वळ गांवांत खोक्यांचें प्लायवूड मुबलक, आणि उल्हास नदीची खाडीहि फार दूर नाहीं. तेव्हां मासेमारीची लहान होडी घरींच करावी, असें एखाद्या तरुणास वाटणें स्तुत्यच होय. पातळ तक्ते बेतून कापावे, तांब्याच्या तारेनें शिवावे आणि सांध्यांवर इपॉक्सींत भिजविलेलें काचतंतूचें कापड चढवावें. केरळ व कन्याकुमारीच्या किनाऱ्यांवर १९८० नंतरच्या दशकांत मच्छिमारांनीं प्लायवूडच्या होड्या आपल्याशा केल्या.

परंतु खोक्यांच्या प्लायवूडची होडी करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. प्लायवूड म्हणजे आडवे-उभे चिकटविलेले लाकडाचे पापुद्रे. त्यांचें बळ डिंकांत असतें. भारतीय मानक ७१० प्रमाणें सागरी प्लायवूडच्या नमुन्यास उकळत्या पाण्यांत ७२ तास टिकावें लागतें. खोक्यास ही कसोटी नाहीं. कापलेली कड उघडी राहिल्यास तेथून पाणी शिरतें, पापुद्रे सुटतात, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. भर ओहोटींत हा दोष उघड झाला, तर उपाय उरत नाहीं.

म्हणून काटकसर रंगांत करावी, तक्त्यांत नव्हे. विद्यार्थ्यांनीं होडी अवश्य करावी. पण प्रत्येक कड इपॉक्सीनें बंद करून जाणत्या सुतारास दाखवावी. जें काम कोणी पाहत नाहीं, त्यावरच बसणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.