विश्लेषण : मादी श्वानाची नसबंदी नेमकी कधी करावी? संशोधन काय सांगते?

‘सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया उरकून टाका’ हा सल्ला पाळीव कुत्री असलेल्या बहुतेक घरांनी ऐकलेला असतो. त्याच घरात कोणी ना कोणी ‘एकदा पिल्ले होऊ द्या, मगच करा’ असेही सांगून जाते. गेल्या काही दशकांतील पशुवैद्यकीय संशोधनाने पहिल्या सल्ल्याला मुरड घातली आहे आणि दुसऱ्याला कोणताही आधार दिलेला नाही. नसबंदी करावी का, यापेक्षा कोणत्या कुत्रीची, कोणत्या वयात आणि कशासाठी करावी, हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर सर्वांसाठी एकच असू शकत नाही, हे मान्य करण्याची वेळ आली आहे.

वाद नेमका कशाचा?

मादी श्वानाच्या नसबंदीत अंडाशये, आणि बहुतेकदा गर्भाशयही, काढले जाते. त्यामुळे पिल्ले होणे थांबते, पण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके तयार होण्याची मुख्य जागाही शरीरातून जाते. या संप्रेरकांचा गर्भाशयावर आणि स्तनांवर परिणाम होतो, तसाच तो मूत्रमार्गाच्या स्नायूंवर आणि वाढत्या हाडांवरही होतो. म्हणून एकाच शस्त्रक्रियेने काही आजार टळतात, तर काहींचा धोका वाढतो. कोणते पारडे जड, हे जात, वजन आणि वय यांवर ठरते. आपल्याकडे मात्र ही चर्चा ‘नसबंदी म्हणजे निसर्गात ढवळाढवळ’ आणि ‘नसबंदी म्हणजे सर्व आजारांवर उपाय’ या दोन टोकांवर अडकून पडते.

नसबंदी न केल्यास धोका किती?

सर्वात मोठा धोका पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. त्या वेळी दिसणारे रक्त म्हणजे माणसासारखी पाळी नव्हे. माज ओसरल्यानंतर, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनची पातळी चढी राहते. त्या काळात गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यातील ग्रंथी स्रवू लागतात आणि आत शिरलेल्या जिवाणूंना आयते घर मिळते. दर माजानंतर हे चक्र पुन्हा फिरते. कुत्रीला रजोनिवृत्ती नसल्याने म्हातारपणीही ते थांबत नाही.

या आजाराचे सर्वात विश्वासार्ह आकडे स्वीडनमधून आले. तिथे निरोगी कुत्र्यांची नसबंदी करण्याची पद्धत फारशी रुळलेली नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांचे पुढे काय होते, हे विम्याच्या नोंदींतून पाहता आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत पायोमेट्रा होतो. २०१२ मधील विश्लेषणात हे प्रमाण १९ टक्के आले. रॉटवायलर, बर्नीज माउंटन डॉग, गोल्डन रिट्रीव्हर अशा काही जातींत धोका सरासरीहून अधिक आढळला. दुसरा आकडा धरला तरी पाचपैकी एक कुत्री, हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

गर्भाशयाच्या आजाराची लक्षणे लघवीत का दिसतात?

पायोमेट्रा बहुतेकदा ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. त्याच्या विषारी घटकांमुळे मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमता मंदावते. परिणामी कुत्री भरपूर लघवी करते आणि तेवढेच पाणी पिते. घरच्यांना वाटते, उन्हाळा आहे किंवा लघवीचा साधा संसर्ग आहे. गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि आजार लक्षात येतो. ते मिटलेले असेल तर पू आतच साचतो, पोट फुगते, खाणे सुटते आणि विषबाधा रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. मिटलेला प्रकार अधिक घातक ठरतो तो यामुळेच.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच : माज संपून काही आठवडे झाले आहेत, कुत्री सुस्त आहे आणि पाण्याचे भांडे सारखे रिकामे होत आहे, तर सोमवारपर्यंत थांबू नये. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने निदान होते. खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया, पण तेव्हा ती आजारी शरीरावर, अधिक जोखमीने आणि अधिक खर्चात करावी लागते.

स्तनांच्या गाठींबाबतचे प्रसिद्ध आकडे काय सांगतात?

पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास स्तनाच्या गाठींचा धोका ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के, हे आकडे जगभर उद्धृत होतात. त्यांचे मूळ १९६९ मधील एका अमेरिकी अभ्यासात आहे. पण ते सर्रास चुकीचे वाचले जातात. शंभरातील २६ कुत्र्यांना गाठी होतात, असा त्याचा अर्थ नाही. नसबंदी न झालेल्या कुत्रीला जेवढा धोका असतो, त्याच्या २६ टक्के धोका उरतो, असा आहे. समजा, नसबंदी न झालेल्या शंभरपैकी दहा कुत्र्यांना गाठी होत असतील, तर दुसऱ्या माजानंतर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरपैकी दोन-तीन जणींना होतील. म्हणजे तेव्हाही फायदा मोठाच राहतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. नसबंदीने स्तनाच्या गाठी टळतात यासाठीचा पुरावा दुबळा आहे आणि त्यावर ठाम शिफारशी बेतता येणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ फायदा होत नाही असा नव्हे. तो नेमका किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढाच. पण ‘पहिल्या माजाआधी केली नाही तर कर्करोग ठरलेला’ अशी भीती घालण्याला मात्र यातून आधार उरत नाही.

नसबंदीनंतर काही कुत्र्यांची लघवी का गळते?

मूत्राशयाच्या तोंडाशी आणि मूत्रमार्गात लघवी अडवून धरणारे स्नायू असतात. त्यांचा ताण टिकवण्यात इस्ट्रोजेनचा वाटा आहे. अंडाशये गेल्यावर काही कुत्र्यांत हा ताण कमी होतो आणि झोपेत लघवी गळते. उठल्यावर अंथरुण ओले आढळते. हे शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसेलच असे नाही, काही वर्षांनीही सुरू होऊ शकते. म्हणून दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही.

झुरिच विद्यापीठातील १९८९ च्या अभ्यासात नसबंदी झालेल्या सुमारे २० टक्के कुत्र्यांत हा त्रास आढळला. २० किलोहून अधिक वजनाच्या कुत्र्यांत तो सुमारे ३१ टक्के होता, तर त्याखालील वजनात ९ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनमधील सामान्य दवाखान्यांच्या नोंदींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात मात्र सर्व मादी श्वानांतील प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर निघाले. दोन्ही आकडे खरे असू शकतात. एकात नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारले होते, तर दुसऱ्यात सर्व कुत्र्यांपैकी किती जणींची तक्रार दवाखान्यात नोंदली गेली, हे मोजले होते. आयरिश सेटर, डॉबरमन, डाल्मेशियन अशा जातींत धोका अधिक दिसला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. झोपेत लघवी गळणारी कुत्री ‘बिघडलेली’ नसते. तिला ते होत असल्याचे कळतही नाही. तिला रागावणे, पाणी तोडणे, जिन्याखाली बांधणे किंवा दूर कुठेतरी सोडून येणे, ही आजाराला दिलेली शिक्षा आहे. फेनिलप्रोपॅनोलामाइन किंवा इस्ट्रिऑलसारख्या औषधांनी यातील बहुतेक कुत्र्यांना चांगला आराम पडतो. अर्थात ती पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

मग थोडे थांबल्याने फायदा होतो का?

मोठ्या जातींत होतो, असे पुरावे सांगतात. ब्रिटनमधील ‘व्हेटकंपास’ या नोंदसंग्रहावर आधारित २०२४ च्या अभ्यासात ३ ते ७ महिन्यांत नसबंदी झालेल्या आणि ७ ते १८ महिन्यांत झालेल्या कुत्र्यांची तुलना करण्यात आली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत लवकर सुरू होणाऱ्या लघवीगळतीची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. ही टक्केवारीही तुलनात्मक आहे, हे विसरू नये.

सांध्यांच्या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला. लहान चणीच्या जातींत लवकर नसबंदीने सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींत ते वाढलेले दिसले. गंमत म्हणजे ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंड या महाकाय जाती याला अपवाद ठरल्या. म्हणजे केवळ आकारावरूनही सरसकट नियम करता येत नाही.

‘एक वेत होऊ द्या’ या सल्ल्याचे काय? पिल्ले झाल्याने कुत्रीच्या आरोग्याला लाभ होतो, यासाठी शास्त्रीय आधार नाही. थांबायचे ते तिची वाढ पूर्ण होण्यासाठी, पिल्लांसाठी नव्हे.

माज थांबवणारी इंजेक्शने आणि प्रतिजैविके

शस्त्रक्रिया टाळण्यासाठी काही जण माज पुढे ढकलणारी इंजेक्शने निवडतात. यांत प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक असते. म्हणजे ज्या संप्रेरकामुळे पायोमेट्राची जमीन तयार होते, तेच बाहेरून दिले जाते. त्याने पायोमेट्राचा धोका वाढतो. स्वस्त आणि सोपा वाटणारा हा मार्ग शेवटी महागात पडू शकतो.

लघवीच्या संसर्गाबाबतही सवयी बदलायला हव्यात. मादीचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तिला संसर्ग लवकर होतो, हे खरे. पण २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या संसर्गाला ३ ते ५ दिवसांची प्रतिजैविके पुरतात आणि कोणतेही लक्षण नसताना केवळ लघवीत जिवाणू सापडले म्हणून औषध देण्याची सहसा गरज नसते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणणे म्हणजे गळती, मूतखडा किंवा पायोमेट्रा यांपैकी कशाचे तरी निदान लांबवणे. शिवाय औषधांना न जुमानणारे जिवाणू कुत्र्यापुरते राहत नाहीत, ते घरातल्या माणसांपर्यंतही पोहोचू शकतात.

हेच निकष भटक्या कुत्र्यांना लावावेत का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक गल्लत होते. परदेशी अभ्यासांचे दाखले देऊन महापालिकांच्या नसबंदी मोहिमांना विरोध करणे चुकीचे आहे. घरच्या कुत्रीचा निर्णय एका जिवाचा असतो. रस्त्यावरचा निर्णय संख्येचा, रेबीजचा आणि उपासमारीने मरणाऱ्या पिल्लांचाही असतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री होती. रस्त्यावरची कुत्री एकदा पकडली जाते. ‘वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा या’ असे तिला सांगता येत नाही. तिला पायोमेट्रा झाला तर रिकामे पाण्याचे भांडे पाहणारे कोणी नसते. समागमातून पसरणारा गुप्तांगांचा संसर्गजन्य ट्यूमर आपल्याकडील भटक्या कुत्र्यांत सर्रास दिसतो. त्यावर व्हिन्क्रिस्टिन हे औषध गुणकारी आहे, पण दर आठवड्याला इंजेक्शन द्यायला तिला आणणार कोण?

केंद्राने २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम बदलून २०२३ मध्ये नवे नियम लागू केले. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता, नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडण्याचे तत्त्व कायम ठेवले. रस्त्यासाठी प्रश्न ‘कोणत्या वयात’ हा नाही. किती वेगाने, किती स्वच्छतेने आणि शस्त्रक्रियेनंतर किती काळजीने, हा आहे. घाईत उरकलेली शस्त्रक्रिया आणि टाके चिघळलेली कुत्री यांनी मोहिमेवरचाच विश्वास उडतो.

पुढे काय करायला हवे?

पाळीव कुत्रीसाठी माझे मत स्पष्ट आहे. लहान चणीच्या जातींत पहिल्या वर्षाच्या आत नसबंदी करण्यास हरकत दिसत नाही. मोठ्या जातींत वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण वर्षभर, थांबणे शहाणपणाचे. मात्र माजाच्या काळात तिला नरांपासून दूर ठेवणे जमणार असेल तरच. ते जमणार नसेल तर नको असलेल्या पिल्लांपेक्षा लवकरची शस्त्रक्रिया बरी. आणि पाच-सहा वर्षांची कुत्री अजून तशीच असेल, तर ‘आता उशीर झाला’ म्हणून विषय सोडू नये. पायोमेट्रा वाढत्या वयातच अधिक गाठतो.

डॉक्टरांनीही ठरावीक वयाचा शिक्का मारण्याऐवजी जात, अपेक्षित वजन, लघवीच्या जुन्या तक्रारी आणि घरातील परिस्थिती विचारून सल्ला द्यावा. लघवीगळतीची शक्यता शस्त्रक्रियेआधीच सांगितली, तर चार वर्षांनी ओले अंथरुण पाहून घर गोंधळणार नाही.

सर्वात मोठी गरज आपल्या स्वतःच्या आकड्यांची आहे. वर दिलेले आकडे स्वीडन, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अमेरिकेतील कुत्र्यांचे आहेत. आपल्याकडच्या मुधोळ, कारवान, पश्मी किंवा घरोघरी वाढणाऱ्या गावठी कुत्र्यांना ते जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरात महाविद्यालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या प्रत्येक मादी श्वानाची जात, वजन, नसबंदीचे वय आणि पुढचे आजार एकाच पद्धतीने, नावगाव वगळून नोंदवले, तर दहा वर्षांत आपलाही ‘व्हेटकंपास’ उभा राहील. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत; लागते ती नोंद ठेवण्याची शिस्त. तोवर परदेशी आकडे आपण वापरू, पण ते नीट वाचून.